परतीचा मुक्काम

"कोल्हापूरची सुपारी ठेवली, पन्हाळ्याची ठेवली. आता घाट कुठला उतरायचा ते बोला," तात्या म्हणाले.

साताऱ्याच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर महाराष्ट्राचा नकाशा पसरला होता. घड्यांवर फाटून फाटून त्याला मागून चिकटपट्ट्या लावलेल्या. माझे वडील, तात्या धुरी, हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. सहल आखायची म्हटली की ते असेच बसायचे. मुक्काम ठरला की त्या गावावर एक सुपारी. आई म्हणायची, ह्या माणसाला सहलीला जाण्यापेक्षा सुपाऱ्या मांडण्यातच जास्त सुख आहे. आईला जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती, आणि तेवढी वर्षं हा नकाशा कपाटातून बाहेर आला नव्हता.

माझा धाकटा भाऊ उदय समोर बसून शेंगदाण्यांची सालं काढत होता. तात्यांकडे बघायचं टाळत होता, त्यामुळे उलट जास्तच संशयास्पद दिसत होता. मी टेबलाखालून त्याला पाय मारला. चेहरा नीट ठेव म्हणून सकाळपासून त्याला बजावत होते, पण हा बाबा लहानपणापासून असाच. काही लपवायचं असलं की आधी ह्याचे कान लाल होतात.

लपवायचं होतं ते हे, की ही सहल सहल नव्हतीच. तात्यांच्या आतड्यात गाठ होती. डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावून सांगितलं होतं, लवकर काढली तर आशा आहे, वेळ घालवलात तर मला विचारू नका. मुंबईच्या सर्जननं सोमवारी भरती व्हायला सांगितलं होतं. तात्यांना आम्ही अल्सर म्हणून सांगितलं, आणि त्यांनीही "बरं" म्हणून गोळ्या घेतल्या.

खरं सांगायची सोय नव्हती. आई मुंबईच्या इस्पितळात आपल्या पायांनी चालत गेली होती, दारात टॅक्सीवाल्याशी भांडूनसुद्धा. ती परत आली ती रुग्णवाहिकेतून, आडवी. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तात्यांनी आम्हाला समोर बसवलं आणि सांगितलं, "मला काहीही झालं तरी मुंबईला न्यायचं नाही. इथे, ह्या घरात काय व्हायचं ते होऊ दे." तात्या एकदा नाही म्हणाले की ब्रह्मदेव आला तरी हो म्हणायचे नाहीत. मग मी ठरवलं की विचारायचंच नाही. मी सोलापूरला दिलेली, पण माहेरची सूत्रं माझ्याच हातात. तात्या मला "कलेक्टरीणबाई" म्हणायचे ते काही उगीच नाही.

माझा बेत असा होता. साताऱ्याहून कोल्हापूर, पन्हाळा, मग घाट उतरून विजयदुर्ग, मालवण, सिंधुदुर्ग. किल्ला आणि समुद्र एकत्र म्हटल्यावर तात्या नाही म्हणणार नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. तिथून उत्तरेला वळायचं. अडचण होती ती चिपळूणला. तिथे घरचा रस्ता फुटतो, कुंभार्ली घाट चढून कोयनेवरून साताऱ्याला. तो सोडून सरळ मुंबईच्या दिशेनं जायला काहीतरी कारण हवं होतं. ते मी राखून ठेवलं होतं.

"तात्या, एवढं जातोच आहोत तर रायगड का सोडायचा?" मी म्हटलं. "वर जायला दोरावरचा पाळणा झालाय आता. पायऱ्या चढायला नकोत."

गुडघ्यांनी दगा दिल्यापासून रायगड त्यांच्यापासून तुटला होता. त्यांनी हातातली सुपारी तशीच धरून माझ्याकडे पाहिलं. मग ती महाडच्या वर हळूच ठेवली. माझा जीव भांड्यात पडला. रायगडावरून मुंबई काही तासांची. रविवारी गड बघायचा, सोमवारी गाडीत बसल्यावर सांगायचं. ओरडतील, बोलणं टाकतील, टाकू देत. जिवंत राहिले म्हणजे झालं. आजही कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

तेवढ्यात तात्यांनी आणखी एक सुपारी उचलली आणि देवगडच्या खाली, नकाशावर नाव नसलेल्या जागी टेकवली. "शनिवारी खारवण्याला. रवळनाथाला गाऱ्हाणं घालायचं राहिलंय."

खारवणं म्हणजे आमचं मूळ गाव. तिथे आता घर नाही, भाऊबंद मुंबईला गेलेले, उरलाय तो देव आणि त्याचा गुरव. मी आडवळणाचं कारण सांगितलं, रस्ता खराब असल्याचं सांगितलं, उन्हाचं सांगितलं. तात्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि सुपारी होती तिथेच राहू दिली.

कोकणातलं गाऱ्हाणं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. देवापुढे आपण मनातल्या मनात काही मागत नाही. आपलं म्हणणं गुरवाला सांगायचं, तो ते देवाला मोठ्यानं ऐकवतो, आणि प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हणायचं. हो म्हटलं म्हणजे शब्द दिला. आमच्या आजोबांच्या वेळी जमिनीचे वाद असे मिटलेले. रवळनाथापुढे खोटं होय म्हणायचं नाही, एवढं आम्हाला जन्मापासून शिकवलेलं होतं.

तात्या झोपायच्या खोलीत गेल्यावर उदयनं मला गच्चीच्या जिन्यात गाठलं. "ताई, देवासमोर मला जमायचं नाही. मी बोलून जाईन."

"तू तोंड उघडलंस तर बघ. नुसतं हात जोडून उभं राहायचं. बाकीचं मी बघते."

निघायच्या आदल्या दिवशी मी घर आवरलं. ऑपरेशन, मग मुंबईत माझ्या नणंदेकडे राहणं, महिना-दीड महिना तर जाणारच होता. दूधवाल्याला सांगितलं, मी कळवेपर्यंत टाकू नकोस. कुंड्या शेजारच्या शिंदेकाकूंच्या अंगणात नेऊन ठेवल्या. फ्रिज रिकामा करून पुसला आणि बंद केला. त्यात आईचं विरजण होतं. आई गेल्यापासून तात्या रोज रात्री स्वतः दूध कोमट करून त्यात ते लावायचे, सकाळी दह्यातलं चमचाभर पुन्हा बाजूला काढून ठेवायचे. मला त्याची आठवण होती म्हणून ते मी फेकलं नाही. वाटीत काढून शिंदेकाकूंना दिलं आणि म्हटलं, "काकू, तुमच्याकडेच चालू ठेवा." एवढा विचार केल्याबद्दल मी स्वतःवर खूश होते.

संध्याकाळी तात्या पाणी घ्यायला स्वयंपाकघरात आले. फ्रिजचं दार उघडून बराच वेळ उभे राहिले. आत दिवा लागला नव्हता. काही हवंय का म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, "नाही. बघत होतो." आणि पाणी न घेताच गेले.

कोल्हापूर नीट पार पडलं. अंबाबाईचं दर्शन झालं. तात्यांनी रंकाळ्यावर बसून चित्र काढलं, जेवण मात्र अर्धं टाकलं. पन्हाळ्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी तटावरच्या सावलीत बसलेले असताना ते म्हणाले, इथे आणखी एक दिवस राहू. मी म्हटलं, पुढची बुकिंगं झालीत. ते म्हणाले, बुकिंग बदलता येतं. मी म्हटलं, उदयची रजा संपते. उदय म्हणाला, रजा वाढवता येईल. मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं लगेच गाडीची हवा तपासायला म्हणून पळ काढला.

"कलेक्टरीणबाई, एवढी घाई कसली?" तात्यांनी विचारलं.

"घाई कुठे? रायगड बघायचाय ना."

त्यांनी मान डोलावली. पण त्यानंतर ते मला न्याहाळत राहिले, वर्गात खोड काढणारा मुलगा कोण हे ठाऊक असलेल्या मास्तरांसारखे. गगनबावड्याचा घाट उतरताना त्यांना पोटात कळ आली. ओठ घट्ट मिटून त्यांनी दाराचा दांडा धरला होता, मला आरशात दिसत होतं. मी मागून विचारलं, तात्या, ठीक ना? ते म्हणाले, वळणं लागतात. मी खिडकीतून बाहेर बघत राहिले आणि सोमवारपर्यंत दम धरा, एवढंच मनात घोकत राहिले. मला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता.

विजयदुर्गच्या बुरुजावर आणि पुढे मालवणच्या सिंधुदुर्गावरही त्यांनी वही उघडलीच नाही. नुसते समुद्राकडे बघत बसले.

शनिवारी सकाळी आम्ही खारवण्याला पोचलो. कौलारू देऊळ, मागे आंब्याची राई, पुढे तांबड्या मातीचं मोकळं आवार. बाबल गुरव वाट बघतच उभा होता. तात्यांच्याच वयाचा, लहानपणी दोघं एकत्र पोहलेले. त्यानं तात्यांचा हात हातात घेतला आणि सोडलाच नाही. किती वाळलात हो, म्हणाला. मी घाईनं नारळ पुढे केला.

देवापुढे पानाचा विडा मांडला, नारळ ठेवला. बाबल देवाच्या बाजूला उभा राहिला, आम्ही तिघं समोर. त्यानं विचारलं, काय सांगायचं देवाला? मी आधीच ठरवून ठेवलेलं उत्तर देणार होते, घरादाराला सुखी ठेव वगैरे. मी तोंड उघडायच्या आत तात्या बोलले. आवाज अगदी साधा, नकाशावरचं गाव दाखवावं तसा.

"बाबल, सांग त्याला. माझ्या पोटात गाठ आहे. पोरं मला फसवून मुंबईला घेऊन चाललीत. मला जायचं नाही. मला माझ्या घरात मरू द्यावं, आणि ह्या दोघांनी ते कबूल करावं."

उदयनं माझा दंड पकडला, का मी त्याचा, ते आता आठवत नाही. बाबलनं तात्यांकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. पण गुरवाचं काम गुरवाला चुकत नाही. त्यानं डोळे मिटले.

"बा देवा रवळनाथा, म्हाराजा! आज ह्यो तुझो लेकरू आपल्या झिलाक नि चेडवाक घेवन तुझ्या पायाकडे इलो हा."

"होय म्हाराजा," तात्या आणि उदय म्हणाले. माझेही ओठ हलले.

"तेच्या पोटात दुखणा आसा, म्हाराजा."

"होय म्हाराजा."

"तेका आपल्याच घरात डोळे मिटूचे आसत. पोरांनी तेका बळजबरीन खंय न्हेव नये, म्हाराजा."

तात्या होय म्हणाले. उदय लहान मुलासारखा रडत होता, पण रडत रडत तोही म्हणाला. मग सगळे थांबले. बाबल डोळे मिटूनच थांबला. सगळ्यांचं होय आल्याशिवाय नारळ फुटत नाही. तात्या वळले आणि माझ्याकडे बघू लागले. मला आयुष्यात कुणाचा एवढा राग आला नसेल. मला न विचारता आई गेली होती, आणि आता हे मला विचारत होते ते असं, देवाला मध्ये घालून, माझ्याच तोंडून हो म्हणवून.

"मी म्हणणार नाही," मी म्हटलं. "बाबलकाका, आधी माझं गाऱ्हाणं घाला."

बाबलनं डोळे उघडले. असं कधी झालं नव्हतं बहुतेक. पण देव काही फक्त पुरुषांचा नाही, आणि गाऱ्हाणं घालायला माहेरवाशिणीला बंदी आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पिशवीतला दुसरा नारळ काढून तात्यांच्या नारळाशेजारी ठेवला.

"सांगा त्याला," मी म्हटलं. "ह्यांना मुंबईची भीती वाटते. मला ह्यांच्याशिवाय राहायची भीती वाटते. आई गेली तेव्हा मी सोलापूरहून पोचेपर्यंत सगळं आटपलं होतं. मला अजून वडील हवेत. त्यांनी सोमवारी माझ्याबरोबर यावं. एवढंच."

बाबलनं ते देवाला सांगितलं. त्याच्या मालवणीत ते जास्तच उघडं-वाघडं वाटलं. चेडवाक अजून बापूस व्हयो आसा, म्हाराजा. उदय ताबडतोब होय म्हणाला, त्याचं आपलं दोन्हीकडे होय. मीही होय म्हटलं. आता तात्यांची पाळी होती.

त्यांचं होय येईना. बाबलनं हळूच सुचवलं की देवाच्या अंगाला फुलाच्या पाकळ्या चिकटवून कौल लावू, उजवीकडची पडली तर एक, डावीकडची पडली तर दुसरं. तात्यांनी मान हलवली. "बापलेकीच्या भांडणात देवाला कशाला घालायचं," म्हणाले, आणि देवळाबाहेर जाऊन पायरीवर बसले.

मी पाठोपाठ गेले आणि एक पायरी सोडून बसले. आत दोन नारळ तसेच होते.

"कधी कळलं तुम्हाला?" शेवटी मीच विचारलं.

"गाठीचं तर डॉक्टरांच्या तोंडावरून कळलं होतं. आणि तुम्ही कुठेतरी न्यायच्या तयारीत आहात, ते उद्याचे कान बघून." उदयला ते लाडात असले की उद्या म्हणायचे. "तरी म्हटलं, बघू. पोरं धडपडताहेत. रायगडापर्यंत जाऊ, मग बघू. कदाचित आलोही असतो."

"मग?"

"मग तू विरजण दिलंस."

मला काही समजेना. फ्रिज बंद करायचा होता म्हणून दिलं, मी म्हटलं. फेकलं तर नाही ना.

"चार-सहा दिवसांसाठी विरजण कुणी देत नाही गं. महिन्यासाठी द्यायचं असतं तरी माणूस सांगतो, आल्यावर परत द्या. मी शिंदेवहिनींना विचारलं. तू म्हणालीस, तुमच्याकडेच चालू ठेवा." त्यांचा आवाज पहिल्यांदाच हलला. "तुझ्या आईला नेलं तेव्हा मीसुद्धा सगळं आवरूनच निघालो होतो. दूध बंद, पेपर बंद. परत यायची तारीख मी कुणालाच सांगितली नव्हती. मी परत येईन असं तुलाच वाटत नाही, तर मी कशाच्या जोरावर जाऊ?"

मला तिथेच हुंदका फुटला. कारण ते खरं होतं. मी मुंबईचा रस्ता आखला होता, इस्पितळातली खाट आखली होती, नणंदेच्या घरी गादी कुठे घालायची तेही आखलं होतं. त्यापुढे माझं मन गेलंच नव्हतं. त्यांना वाचवायला निघाले होते मी, आणि आतून मात्र धीर सोडून बसले होते. मी पदरानं तोंड झाकून रडले, अगदी आवाज करून. तात्यांनी मला थांबवलं नाही. माझ्या पाठीवर हात ठेवून बसले.

मग त्यांनी उदयला गाडीतून नकाशा आणायला सांगितला. पायरीवर तो पसरला, कोपऱ्यावर एक खडा ठेवला. खिशातून सुपाऱ्या काढून त्यांनी पुन्हा मांडल्या. खारवणं, मग रायगड. मुंबईवर सुपारी ठेवताना त्यांचा हात जरा थबकला, पण ठेवली.

"हं, कलेक्टरीणबाई. परतीचा मुक्काम सांगा."

"पुणे," मी नाक पुसत म्हटलं. "मग सातारा."

"पुण्यात कशाला मुक्काम? वाटेत नुसता चहा घेऊ." त्यांनी शेवटची सुपारी साताऱ्यावर ठेवली आणि बोटानं दाबून धरली. "शिंदेवहिनींना फोन लाव. आत्ता. सांग, विरजण आमचं आहे, आल्यावर परत लागेल."

मी फोन लावला. काकूंना काही कळेना. मी रडत होते आणि विरजणाचं बोलत होते. बरं बाई, देते हो, त्या म्हणाल्या, त्यात रडायचं काय एवढं.

आम्ही पुन्हा आत गेलो. बाबल दोन्ही नारळांसमोर बसून होता, उठून उभा राहिला. त्यानं माझं गाऱ्हाणं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. चेडवाक अजून बापूस व्हयो आसा, म्हाराजा.

"होय म्हाराजा," तात्या म्हणाले.

बाबलनं त्यांच्या नारळाकडे बोट केलं, म्हणजे ह्याचं काय? तात्यांनी तो उचलून उदयच्या हातात दिला. "घरी जाऊन फोडू," म्हणाले.

रायगड त्यांनी पाहिला. मुंबईत सोमवारी भरती होताना नर्सनं विचारलं, कुठून आलात, तर त्यांनी सगळा प्रवास घाटांसकट सांगितला. ऑपरेशन लांबलं. मध्ये एक दिवस असा आला की डॉक्टर आमच्याशी नीट बोलेनात. त्या दिवशी मी इस्पितळाच्या जिन्यात उभी राहून काकूंना पुन्हा फोन केला आणि विरजण कसं आहे ते विचारलं.

परत आलो तेव्हा दुपार होती. पुढच्या सीटवर तात्या, मांडीवर नकाशा, अंगावर सदरा लोंबतोय. गाडीचा आवाज ऐकून शिंदेकाकू फाटकाशी आल्या, हातात तीच वाटी, वर बशी झाकलेली. मी घ्यायला पुढे झाले तर तात्यांनी मला हातानं थोपवलं. दाराला धरून ते स्वतः उतरले, वाटी घेतली, बशी सरकवून वास घेतला.

"आंबट केलंत हो वहिनी," ते म्हणाले, आणि ती वाटी दोन्ही हातांत धरून घरात गेले.